पाऊण डॉलरची तफावत: पहारा सर्व्हरवर की वायरवर?

कोणाला आत सोडायचं हे फायरवॉल ठरवतो. पण आत आलेला काय करतोय, हे कोण बघणार? त्यासाठी दोन पद्धती आहेत. होस्ट-बेस्ड, म्हणजे सर्व्हरवरच बसून लॉग आणि फाइली तपासणं. आणि नेटवर्क-बेस्ड, म्हणजे वायरवरून जाणारी पॅकेट्स बघणं. यातली कुठली चांगली, हा वाद जुनाच. गंमत म्हणजे 1986 च्या एकाच केसमध्ये दोन्ही बाजू दिसतात.

तर झालं असं. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये कॉम्प्युटर-वापराच्या हिशेबात 75 सेंटांची तफावत आली. ती शोधायचं काम खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आलं. मशीनच्याच नोंदी चाळताना कळलं, कुणीतरी परका घुसलाय. म्हणजे पहिला सुगावा होस्टने दिला.

पण खरा पेच पुढे होता. जीएनयू ईमॅक्समधल्या एका त्रुटीतून घुसखोराने सुपरयूजरचे अधिकार मिळवले होते. आता तो लॉगही बदलू शकत होता. ज्या मशीनवर चोराचंच राज्य, तिची साक्ष कशी मानायची? म्हणून स्टोलनी पहारा मशीनबाहेर नेला. आत येणाऱ्या मोडेम लाइन्सना प्रिंटर जोडले. त्याने टाइप केलेलं सगळं कागदावर उतरायचं, आणि त्याला पत्ताच नाही! माग निघाला थेट पश्चिम जर्मनीत, हॅनोव्हरच्या मार्कुस हेसपर्यंत. चोरलेली माहिती केजीबीला विकली जात होती.

पुढे दोन्ही वाटा वेगळ्या वाढल्या. 1987 मध्ये डोरोथी डेनिंग यांनी ऑडिट नोंदींवर आधारलेलं मॉडेल मांडलं. 1992 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ट्रिपवायर तयार झालं; ते फाइलींचे चेकसम ताडून बदल पकडायचं. दुसरीकडे 1990 मध्ये टॉड हेबरलिन आणि सहकाऱ्यांचा नेटवर्क सिक्युरिटी मॉनिटर आला, 1998 मध्ये मार्टिन रोश यांचं स्नॉर्ट. त्याच वर्षी टॅसेक आणि न्यूशम यांनी दाखवलं की तीच पॅकेट्स पहारेकरी एका अर्थाने वाचतो आणि सर्व्हर दुसऱ्या. त्या फरकातून हल्ला निसटतो.

आज बहुतेक ट्रॅफिक एन्क्रिप्टेड असतं. वायरवर बसलेल्याला कोण कोणाशी बोलतंय ते दिसतं, काय बोलतंय ते नाही. त्यामुळे भर पुन्हा होस्टवर आलाय. पण स्टोलसमोरचा प्रश्न तसाच आहे. म्हणून सर्व्हरचे लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवा. त्या प्रिंटरचं काम आज तेच करतं.