खुर्द्याची गणती

पानिपतच्या पराभवाची वार्ता दक्षिणेत प्रथम आली ती एका सावकारी पत्रातून, ही गोष्ट आपल्याकडे शाळेतील मुलांसही ठाऊक असते. त्या सांकेतिक पत्रातील दोन मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, आणि मोहरा म्हणजे नामांकित सरदार. मोत्यांची गणती झाली, मोहरांचीही झाली. रुपये आणि खुर्दा मात्र मोजण्यापलीकडचा ठरला. पत्र लिहिणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. सावकाराची भाषा हिशेबाची, आणि त्यातून मजकूर गुप्त राखावयाचा. तरीपण एखाद्या समाजाच्या मनाची ठेवण अशा सहज निसटलेल्या शब्दांतच उत्तम कळते. 14 जानेवारी 1761 रोजी जे सहस्रावधी लोक घरी परतण्याचे कायमचे राहिले, त्यांस आपण त्याच महिन्यात खुर्दा म्हटले, आणि पुढील अडीचशे वर्षांत तो शब्द बदलण्याची निकड आपणांस फारशी भासली नाही.

मोती हरवले म्हणजे काय होते, याचाही पुरावा त्याच युद्धाने मागे ठेवला आहे. विश्वासरावांचे प्रेत सापडले व त्यास अग्निसंस्कार मिळाला. भाऊंचे म्हणून एक धड ओळखण्यात आले, परंतु ती ओळख सर्वांस पटली नाही. पार्वतीबाईंस तर ती कधीच पटली नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही, आणि 1763 साली त्या वारल्या तोवर पती परत येईल ही आशा सोडली नाही. त्या एका संशयाच्या फटीतून पुढे तोतया शिरला. माधवराव पेशव्यांनी त्यास कैदेत ठेवले होते. परंतु रत्नागिरीच्या सुभेदाराने त्यास मोकळे केल्यावर त्याने कोकणात एवढा दंगा उसळविला की, नाना फडणविसांस फौजा धाडाव्या लागल्या. 1776 साली पुण्यास त्यास देहदंड झाला, तेव्हा पानिपतास पंधरा वर्षे होऊन गेली होती. एक मनुष्य बेपत्ता झाला आणि एका राज्याची झोप पंधरा वर्षे मोडली!

मग ज्याच्या नावाने कोणी तोतया उभा राहणे शक्य नव्हते, त्या शिपायाच्या घरी काय झाले असेल? दंगा झाला नाही एवढेच. संशय तोच होता. युद्धात मेलेल्याचे दुःख मोठे खरे, पण त्यास आरंभ असतो, म्हणून शेवटही असतो. बेपत्ता झालेल्याचे सुतक कोणत्या दिवशी धरावे? शास्त्रकारांस ही अडचण ठाऊक होती. बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्कार करावा, यास पालाशविधी म्हणतात. आजचा कायदा सात वर्षांवर थांबतो. परंतु सात असोत वा बारा, त्या अवधीत ती बाई सुवासिनी की विधवा, हे सांगणारा ग्रंथ आमच्या पाहण्यात नाही.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, मराठी राज्याने या माणसांस अगदीच वाऱ्यावर सोडले नव्हते. कामास आलेल्याच्या पोरांस बालपरवेशी म्हणून नेमणूक चालत असे, आणि ती चालावयाची तर दप्तरात मेलेल्याचे नाव असावेच लागे. म्हणजे नाव होते. पण ते हिशेबाच्या कागदात होते, लोकांच्या डोळ्यांसमोर दगडावर नव्हते. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे बसऱ्यास तो पुन्हा भेटावयाचा आहे.

दगडावर कोरण्याची चाल आपल्याकडे नव्हती असेही नाही. साष्टीत, बोरिवलीजवळ एकसर गावी, जो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे, तेथे सहा वीरगळ प्रसिद्ध आहेत. त्यांवर वल्ही मारीत चालून जाणारी जहाजे आहेत, कापाकापी आहे, पाण्यात पडलेली माणसे आहेत आणि वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा करणारा, स्वर्गास पोचलेला वीर आहे. तेराव्या शतकात शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात जे समुद्रावर युद्ध झाले, त्याचे हे चित्र असावे असे विद्वान मानतात. ज्याच्यासाठी एवढे शिल्प खोदले, त्याचे नाव मात्र आज वाचता येत नाही.

खुद्द ठाण्यात तर तेवढेही नाही. पोर्तुगिजांनी बांधावयास घेतलेला येथील किल्ला 1737 साली मराठ्यांकडे आला, आणि 28 डिसेंबर 1774 रोजी इंग्रजांनी तो हल्ला करून घेतला. आदल्या दिवशी खंदक बुजविताना त्यांची बरीच माणसे पडली होती. त्या रागाने त्यांनी आतील शिबंदीपैकी बहुतेकांची कत्तल केली, हे इंग्रज इतिहासकार स्वतःच लिहितात. वेढ्यात जबर जखमी होऊन मेलेल्या कमोडोर वॉटसनचे नाव त्यांच्या प्रत्येक इतिहासात आहे. आत मेलेल्यांचे एकही नाव ठाणेकराच्या तोंडी नाही. त्या किल्ल्याच्या जागी पुढे तुरुंग झाला. आजचे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ते हेच. तेथे फाशी गेलेल्या क्रांतिकारकांची आठवण निघते, आणि ती निघालीच पाहिजे. पण त्याच तटाखाली 1774 च्या डिसेंबरात पडलेल्यांसाठी आम्ही कोणास थांबलेले पाहिले नाही.

खुर्द्याची गणती करण्याचा पहिला मोठा उद्योग झाला तो पहिल्या महायुद्धानंतर. 1914 च्या नोव्हेंबरात इराणी आखाताच्या माथ्याशी हिंदी फौज उतरली आणि तीस जोडून सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. ही पुण्याची डिव्हिजन म्हणून ओळखली जाई. घाटावरील ज्या कोणास आगगाडीने मुंबईचा धक्का गाठावयाचा, त्यास बोरघाट उतरून कल्याण व ठाणे ही स्टेशने ओलांडावीच लागत. तेव्हा त्या जवानांतील कित्येकांनी आपला मुलूख शेवटचा पाहिला तो आमच्या खाडीच्या पुलावरून, असे म्हणण्यास हरकत नाही. 103 वी, 110 वी व 117 वी या मराठा पलटणी त्या डिव्हिजनमध्ये होत्या. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतील कुणबी-मराठ्यांच्या घरांतून त्यांची भरती होई, आणि त्यांत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत.

जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या दिशेने चढत गेली. 22 नोव्हेंबर 1915 रोजी टेसिफोन येथे, जुन्या इराणी बादशहांच्या भग्न कमानीच्या छायेत, जी लढाई झाली तीत चार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली. फौज मागे हटली ती कुत-अल-अमारा या नदीच्या वळणातील गावी, आणि तेथे डिसेंबरच्या आरंभापासून तुर्कांनी तिला कोंडले. वेढा 147 दिवस चालला. शेवटी शेवटी शिधा म्हणजे मूठभर पीठ आणि घोड्याचे मांस. हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांच्या संमतीच्या तारा आल्या, तरी पुष्कळांनी एप्रिलपर्यंत त्यास हात लावला नाही. मग रक्तपिती वाढली आणि माणसे बंदुकीवाचूनच मरू लागली. गावी परतल्यावर जातभाई काय म्हणतील, ही भीती उपासमारीहून मोठी होती असे इंग्रज अधिकारी लिहितात. आम्हांस यात नुसते अज्ञान दिसत नाही. गावी परतण्याची खात्री ज्यास वाटते, तोच गावची भीती बाळगतो.

त्यांस सोडविण्याच्या प्रयत्नांत बाहेरच्या फौजेची सुमारे 23,000 माणसे खर्ची पडली, आणि तरी 29 एप्रिल 1916 रोजी कुत पडलेच. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. त्यांस उन्हाळ्यात वाळवंटातून चालवीत नेले. गोऱ्या कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले. हिंदी कैद्यांतील पुष्कळांस आजच्या सीरियाच्या सीमेवरील रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले, आणि त्यांतील हजारोंचा पत्ता युद्ध संपल्यावर कोणासच देता आला नाही. ‘बेपत्ता’ हा शब्द सरकारी तारेने कोकणातील गावांत पोचला तो बहुधा याच सुमारास.

युद्ध चालू असतानाच, 1917 साली, साम्राज्यातील मृत सैनिकांच्या कबरी व स्मारके यांसाठी एक आयोग स्थापन झाला होता. हुद्दा, धर्म वा वंश न पाहता प्रत्येकाचे नाव दगडावर कोरावयाचे, हे त्याचे तत्त्व, आणि ते खरोखर थोर होते. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथे 1927 साली जे हिंदी स्मारक उघडले, त्यावर चार हजार सातशेंहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. त्यांत साधे शिपाई आहेत. दोन वर्षांनी, 1929 साली, बसऱ्याजवळ शत-अल-अरबच्या काठी मेसोपोटेमियातील चाळीस हजारांहून अधिक बेपत्तांचे स्मारक उभे राहिले. त्यांतील बहुसंख्य हिंदी होते. गोऱ्या सैनिकांची नावे तेथे कोरली आहेत, हिंदी अंमलदारांची कोरली आहेत. आणि त्याखाली, पलटणीवार, ‘व इतर हिंदी शिपाई’ इतके, असा आकडा कोरला आहे.

पानिपतनंतर खुर्द्याची गणती झाली नव्हती. बसऱ्यास ती झाली, आणि झाली ती नुसतीच गणती.

हा भेद का केला, याचा शोध त्याच आयोगाच्या आजच्या वारसांनी स्वतः घेतला व एप्रिल 2021 मध्ये अहवाल छापून क्षमा मागितली. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन असे सुमारे 45,000 ते 54,000 लोक असमान रीतीने स्मरले गेले, आणि किमान 1,16,000 जणांचे नावाने स्मरणच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. युरोपाबाहेरील लोकांस व्यक्तीच्या नावाचे स्मारक फारसे महत्त्वाचे वाटत नाही, असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा समज होता. खर्चाचा विचारही होताच. पण तो समज वाचून आम्हांस हसावे की रडावे कळेना. ज्या समाजात नाव व गोत्र उच्चारल्यावाचून पिंड पोचत नाही, बाप, आजा व पणजा अशा तीन पिढ्यांची नावे ज्यास पाठ नाहीत त्यास तर्पणास बसता येत नाही, त्या समाजास नावाचे महत्त्व नाही! आणि त्याच पलटणीतील मुसलमान शिपायासाठी घरी जो फातेहा पढला जातो, तो काय आकड्याच्या नावे?

यातील सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, ही नावे हरवलेली नव्हती. आयोगाच्या नोंदवह्यांत बहुतेकांची नावे आहेत. पुष्कळ ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही आहे. चिपळूण, खेड, महाड, पाटण ही आपल्या नित्य परिचयाची नावे तेथे रोमन लिपीत थोडीफार वाकडी होऊन बसली आहेत. म्हणजे बालपरवेशीच्या कागदाचेच हे दुसरे रूप: हिशेबास नाव, दर्शनास आकडा. स्मारक तरी जागचे राहावे, तर तेही नाही. 1997 साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते उचलून बसऱ्यापासून दूर, नासिरियाच्या रस्त्यावर, 1991 च्या युद्धभूमीत नेऊन मांडण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धातील एक नाव मात्र वेगळे निघाले. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंबेचीवाडीचे नाईक यशवंत घाडगे, 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतले, वय बावीस. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनमधील एकूण एक माणूस मशिनगनपुढे मेला वा जखमी झाला. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने तोफ बंद केली, एकास गोळी घातली, आणि नवे काडतूस भरण्यास वेळ नाही असे पाहून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत बसून, जिंकलेल्या त्याच मोर्चात ते पडले. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र ज्ञात नाही. कासिनोच्या स्मारकावर, बेपत्तांच्या रांगेत, त्यांचे नाव आहे. माणगावास त्यांचा पुतळा आहे, आणि 2023 साली इटलीतील मोन्तोने या गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारले. मोन्तोनेच्या लोकांचे आणि माणगावचे नाते काय? एका तरुणाचे नाव, एवढेच.

भाद्रपद वद्य चतुर्दशी ही शस्त्राने मेलेल्यांची तिथी. मेसोपोटेमियात गेलेला पणजा वा खापरपणजा ज्या घरांत आजही त्या दिवशी जेवावयास बोलाविला जातो, तेथे बसऱ्याचा दगड कोणी पाहिलेला नाही. पान वाढले जाते, पाणी सोडले जाते, आणि पाणी सोडताना त्याचे नाव बापाच्या नावासकट, पूर्ण, मोठ्याने घेतले जाते.