काडतुसाची लांबी, मॅगझिन आणि रायफलीचा नेम

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धांमध्ये उतरणारे अनेक नेमबाज दुकानातील तयार काडतुसांवर विसंबून राहत नाहीत. एकदा उडालेली पितळी पुंगळी डायमधून काढून पुन्हा मूळ मापावर आणायची, प्राइमरची नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची, हे काम ते स्वतःच करतात. या कामाला हँडलोडिंग असे म्हणतात. यातील दारू तोलण्याची पायरी सर्वांत जोखमीची असल्याचा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा नाही. मात्र नेमबाजांचा सर्वाधिक वेळ खाणारा प्रश्न शेवटच्या पायरीवर उभा राहतो. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची? म्हणजेच पूर्ण काडतुसाची लांबी किती ठेवायची?

या लांबीवर एकाच वेळी दोन मालक हक्क सांगतात. एक मॅगझिन आणि दुसरी नळी. दोघांच्या मागण्या बहुधा जुळत नाहीत.

नळीची मागणी आधी पाहू. काडतूस जेथे बसते त्या चेंबरच्या पुढे थोडी गुळगुळीत जागा असते. तिला थ्रोट म्हणतात. त्यापुढे गोळीला फिरकी देणारे सर्पिल आटे सुरू होतात. गोळी उडाली की ती पुंगळी सोडते आणि आट्यांना भिडेपर्यंत काही अंतर आधाराविना पार करते. नेमबाजांच्या भाषेत ही गोळीची ‘उडी’. या क्षणी गोळी किंचित जरी तिरकी झाली, तरी ती तशीच आट्यांत रुतते आणि पुढचा सगळा प्रवास बिघडतो. त्यामुळे उडी जेवढी कमी तेवढा नेम चांगला, असा जुना दंडक आहे. बेंचरेस्ट प्रकारातील नेमबाज गोळी आट्यांना टेकलेलीच ठेवतात ती याच विचाराने. १९७५ च्या सुमारास लू पामिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी तयार केलेले ६ मिमी पीपीसी हे काडतूस या प्रकारात प्रसिद्ध झाले. अर्थात त्या रायफलींना मॅगझिनच नसते. एकेक काडतूस हाताने आत ठेवायचे असल्याने लांबीवर दुसरे कोणतेही बंधन येत नाही.

मॅगझिन आले की चित्र पालटते. मॅगझिन हा ठरलेल्या मापाचा डबा आहे. काडतूस लांब झाले तर त्याचे टोक पुढच्या भिंतीला घासते, झटक्याने दबते किंवा काडतूस वर सरकतच नाही. अगदी काठोकाठ बसणारी लांबीही कामाची नसते. धूळ, उष्णता आणि मापातील फरक गृहीत धरून अनेक जण वीसएक ‘थाऊ’, म्हणजे इंचाचे वीस सहस्रांश, मोकळे ठेवतात. उत्पादकांमध्ये एकवाक्यता राहावी म्हणून अमेरिकेत १९२६ मध्ये ‘सामी’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या मापांनुसार .२२३ रेमिंग्टन काडतुसाची कमाल लांबी २.२६० इंच आणि .३०८ विंचेस्टरची २.८१० इंच आहे. मॅगझिनही याच मापांच्या आधाराने घडतात. चेंबर मात्र बहुधा जरा सैल कापलेले असते. म्हणून डब्यात नीट मावणारी गोळी नळीत आट्यांपासून बरीच दूर राहते.

ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी असलेल्या कॅम्प पेरी येथे १९०७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय रायफल स्पर्धा होत आल्या आहेत. तेथील सर्व्हिस रायफल प्रकारात ही ओढाताण स्पष्ट दिसते. २०० आणि ३०० यार्डांवरील जलद फैरी मॅगझिनमधूनच झाडाव्या लागतात. तेथे काडतूस अडकले तर घड्याळ थांबत नाही आणि गेलेले गुण परत मिळत नाहीत. त्यामुळे एआर-१५ घराण्यातील रायफल वापरणारे स्पर्धक तेथे ७७ ग्रेन वजनाची गोळी २.२६० इंचांच्या आत बसवितात. ६०० यार्डांवर मात्र २० फैरींना २० मिनिटे मिळतात आणि काडतूस एकेक करून भरावे लागते. या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ १२ इंच व्यासाचे असते. वाऱ्याची एक झुळूक गोळीला त्याबाहेर सहज नेते. म्हणून येथे ८० ग्रेनची लांब, निमुळती आणि वाऱ्याला कमी दाद देणारी गोळी निघते. ती आट्यांजवळ पोचेल अशी बसविली, तर ते काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. येथे ते मावण्याची गरजही नसते. एकच रायफल, एकच स्पर्धा आणि दोन लांबींची काडतुसे, ही तडजोड तेथे सर्वमान्य आहे.

हाच पेच सोडविण्यासाठी काडतुसाचा आराखडाच बदलल्याचेही उदाहरण आहे. १९९७ मध्ये बाजारात आलेले .२६० रेमिंग्टन हे उत्तम काडतूस होते. पण १४० ग्रेनच्या आसपासच्या लांब गोळ्या छोट्या ॲक्शनच्या मॅगझिनमध्ये मावविताना त्या इतक्या आत दाबाव्या लागत, की गोळीचे बूड पुंगळीची मान ओलांडून दारूच्या जागेत शिरे. हॉर्नाडी कंपनीने २००७ मध्ये आणलेल्या ६.५ क्रीडमूरमध्ये पुंगळीच आखूड करण्यात आली. .२६० ची पुंगळी २.०३५ इंच, तर क्रीडमूरची १.९२० इंच. सुमारे तीन मिलिमीटरच्या या कपातीने गोळीचे लांब नाक मॅगझिनच्या आतच राहू शकले. या काडतुसाच्या यशाचे श्रेय पुष्कळदा वेगाला दिले जाते. प्रत्यक्षात ते डब्याचे माप आधी घेऊन मग काडतूस आखण्याला द्यायला हवे.

उडी कमी म्हणजे नेम चांगला, हा दंडक तरी कितपत खरा? रॉय वेदरबी यांच्या मॅग्नम रायफलींमध्ये थ्रोट मुद्दाम लांब ठेवलेला असे. त्यांत गोळी आट्यांना टेकविणे मॅगझिनच्या मापात शक्यच नसते. तरीही त्या रायफलींचा नेम वाईट असल्याचे कोणी म्हणत नाही. बर्जर या गोळ्या बनविणाऱ्या कंपनीने तर वेगवेगळ्या चार खोलींवर चाचणी घेण्याची शिफारस केली आहे. आट्यांत १० थाऊ रुतलेली, मग ४०, ८० आणि १२० थाऊ मागे. यांपैकी एखाद्या जागी गट स्पष्टपणे लहान होतो आणि ती जागा आट्यांजवळच असेल असे नाही. गोळीच्या नाकाचा आकारही महत्त्वाचा. नाकाची वक्ररेषा अंगाला अलगद मिळत असेल, तर गोळी उडी निमूटपणे सहन करते. रेषा कोन करून मिळत असेल, तर गोळी खोडकर ठरते आणि दहा-वीस थाऊंच्या फरकानेही रुसते. मॅगझिनच्या मर्यादेत राहायचे असेल, तर लांबीशी झटापट करण्यापेक्षा पहिल्या प्रकारची गोळी निवडणे अधिक शहाणपणाचे.

मोजमापातही एक फसगत आहे. काडतूस टोकापासून बुडापर्यंत मोजले, तर आकडा दर वेळी थोडा वेगळा येतो, कारण स्पर्धेच्या गोळ्यांची पोकळ टोके एकसारखी नसतात. आट्यांना टोक भिडत नाही, नाकाचा फुगीर भाग भिडतो. म्हणून व्हर्निअर कॅलिपरला कम्पॅरेटर जोडून बुडापासून त्या भागापर्यंतचे अंतर घेतात. टोकापर्यंतची लांबी मॅगझिनसाठी आणि नाकापर्यंतची नळीसाठी, अशी दोन मापे वहीत वेगळी लिहावी लागतात.

लांबी बदलली की दाबही बदलतो, हे विसरणे मात्र महागात पडते. गोळी आट्यांना टेकली, तर सुरुवातीचा दाब वाढतो. ती फार आत गेली, तर दारूची जागा कमी होऊन दाब वाढतो. पुंगळीची पकड सैल असेल, तर मॅगझिनमध्ये थांबलेल्या काडतुसाची गोळी आधीच्या फैरीच्या झटक्याने आत सरकू शकते. आट्यांत रुतलेली गोळी न उडविता काडतूस बाहेर ओढले, तर गोळी नळीत अडकते, पुंगळी रिकामी बाहेर येते आणि दारू ॲक्शनभर सांडते. म्हणूनच गोळीची खोली बदलताना दारू कमी करून, प्रसिद्ध पुस्तिकांतील मर्यादांच्या आत राहून नव्याने सुरुवात करण्याचा नियम आहे.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. आपल्याकडील नामवंत रायफल नेमबाजांना हा प्रश्न अशा रूपात पडतही नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे मिळविलेले जागतिक अजिंक्यपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक, ही दोन्ही ५० मीटर प्रकारातील. त्यात .२२ रिमफायर काडतूस चालते. त्याचे स्फोटक पुंगळीच्या काठातच असल्याने ते पुन्हा भरण्याचा प्रघात नाही आणि रायफलही एकेरी भरणीची असते. हे नेमबाज कारखान्यातील निरनिराळे लॉट आपल्या नळीतून तपासतात आणि जो जुळेल तो साठवून ठेवतात.

हँडलोडरला मात्र जुळलेले मापही कायमचे लाभत नाही. प्रत्येक फैरीच्या ज्वाळेने थ्रोट झिजतो आणि आटे हळूहळू पुढे सरकतात. काही जण मोसमागणिक गोळी बाहेर काढत त्यांचा पाठलाग करतात. मॅगझिन तेवढेच राहते. एका टप्प्यावर काडतूस त्यात बसेनासे होते आणि मग नवी नळी घ्यायची की एकेक काडतूस हाताने भरायचे, एवढाच निर्णय उरतो.