गोल्फच्या हिरवळीखालचा ऊस

आमच्या गावात गोल्फ कोणी खेळत नाही. पण गावातून मुंबईला जाऊन पैसा केलेले दोन-तीन जण आहेत. त्यातल्या एकाने परवा फोन केला. "डिसेंबरात आठ जण मॉरिशसला गोल्फ खेळायला चाललोय. तू इतिहासाचं वाचतोस ना, जाता जाता बघण्यासारखं काय ते सांग." फोनवर सांगायला लागलो तर लांबतच गेलं. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

आधी डिसेंबराचं. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली आहे, तेव्हा तिथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस. मे ते नोव्हेंबर हवा चांगली. जून ते सप्टेंबर आग्नेयेकडून वारा सुटतो आणि पूर्व किनाऱ्यावर चेंडू भलतीकडेच जातो, असं खेळणारे सांगतात. मला त्यातलं कळत नाही. पुढचं मात्र थोडंफार कळतं.

1829 साली कोलकात्यात गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो जगातला सर्वांत जुना. त्यानंतर पाचच वर्षांनी त्याच कोलकात्याहून 'ॲटलस' नावाचं जहाज 36 मजूर घेऊन निघालं आणि 2 नोव्हेंबर 1834 ला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं. इंग्रज गुलामी बंद करत होते. मॉरिशसमध्ये ती 1 फेब्रुवारी 1835 ला संपली. नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांना नव्हे, मालकांना. एकट्या मॉरिशसमधल्या मालकांना 20 लाख पौंडांहून जास्त. गुलामांच्या हातात काहीच नाही. आणि ऊस तोडायला माणसं हवीत म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये.

1834 ते 1920 या काळात जवळजवळ 5 लाख माणसं तिथे उतरली. बहुतेक बिहार, पूर्वांचल आणि मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, पण त्यांत आपल्या रत्नागिरीचे, सावंतवाडीचे, साताऱ्याचे लोक होते. पाच वर्षांचा करार, महिना 5 रुपये. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. करार संपून माणूस मोकळा झाला तरी 1867 च्या कायद्याने त्याला फोटो लावलेला पास खिशात बाळगावा लागे. पास नसला की भटक्या ठरवून आत. नावं कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली. कित्येकांच्या बापाचं नाव आडनाव होऊन बसलं.

शेतंही तयार नव्हती. जमीन ज्वालामुखीची, काळ्या दगडाने भरलेली. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट, तोच. ते दगड हाताने वेचून शेताच्या मध्येच रचले. उसातून वर डोकावणारे ते ढीग आजही दिसतात.

आता गोल्फकडे येतो. मॉरिशसमध्ये 1810 ला फ्रेंच हरले, इंग्रज आले. पण फ्रेंच मळेवाल्यांच्या जमिनी तहाप्रमाणे त्यांच्याकडेच राहिल्या. मुख्य गोष्ट इथे आहे. 1880 च्या आसपास साखरेचा भाव पडला तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेचे तुकडे मजुरांना विकले. पै पै साठवून आपल्या लोकांनी एकर-दोन एकर घेतले, शेतकरी झाले. मोठे मळे मात्र मोठेच राहिले. 1975 पासून युरोपने ठरलेल्या चढ्या भावाने वर्षाला सुमारे 5 लाख टन साखर घ्यायचं कबूल केलं आणि सगळ्यांचंच बरं चाललं. 2006 मध्ये युरोपने धोरण बदललं. चार वर्षांत भाव 36 टक्क्यांनी खाली.

मग काय झालं? दोन एकरवाल्याने ऊस सोडला, रान पडीक. शेकडो एकरवाल्याकडे दुसरा रस्ता होता. सरकारने 2002 सालीच योजना आणली होती: परदेशी माणसाने किमान 5 लाख डॉलरचा बंगला घ्यावा, राहण्याचा परवाना मिळेल. असे बंगले खपायला समोर हिरवळ लागते. 18 होलच्या मैदानाला सव्वाशे-दीडशे एकर सलग जागा हवी. ती एका मालकाकडे असेल तरच जमतं. गोल्फमुळे ऊस गेला असं मी म्हणत नाही, ऊस भावाने गेला. पण पीक बुडाल्यावर कोण तरतो, हे जमीन कोणाच्या नावावर आणि किती, यावर ठरलं. (आमच्याकडे सातबाऱ्यावर चाळीस नावं असतात. एरवी ती कटकट वाटते.)

म्हणून मित्राला सांगितलं, दक्षिणेला बेल ओंब्रला खेळणार असशील तर तो जुना साखरमळा आहे हे लक्षात ठेव. मालकाचा वाडा आता रेस्टॉरंट आहे. जेवणाआधी आजूबाजूला फिरून ये. नैर्ऋत्येला ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशीही मैदान आहे. पळालेले गुलाम त्याच कड्यावर लपत. 2008 पासून तो जागतिक वारसा आहे. एक सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला द्या. बोटीतून उतरलेले लोक ज्या सोळा पायऱ्या चढले, त्या तिथे आहेत. भाद्रपदात गेलात तर गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, मराठी घरांत गणपती असतो.

आणि मोका इथे महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची दप्तरं आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण. तुमच्या घरात "तो मिरीच देशाला गेला, परत आला नाही" अशी एखाद्या पूर्वजाची गोष्ट असेल, तर नाव आणि गाव कागदावर लिहून न्या, आधी पत्र पाठवून परवानगी विचारा. गावाचं स्पेलिंग दोन-चार तऱ्हांनी करून बघावं लागेल.