अरबी जाणणारा राजदूत : आसफ फैजी

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बोरी अरबच्या नावातच अरब आहे. पण अरबी भाषेशी आमचा संबंध मकतबात नाजरा कुरआन शिकण्यापुरता. हरफ ओळखता येतात, अर्थ मात्र उर्दू तर्जुम्यातून कळतो. याच भाषेत बातम्या दिल्या जातात, सरकारे खुलासे करतात, पत्रकार अडचणीचे प्रश्न विचारतात, हे आमच्या मुलांना आखाती देशांत नोकरीला गेल्यावरच उमगते.

राजकारणातली अरबी जोखमीची असते. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अल जझीरावर अमेरिकेची बाजू मांडायला ख्रिस्तोफर रॉस या माजी राजदूतांना बसवले गेले, कारण त्यांना उत्तम अरबी येत होती. २००६ मध्ये त्याच वाहिनीवर अमेरिकी परराष्ट्र खात्याचे अल्बर्टो फर्नांडिस अरबीतून बोलत होते. इराकमध्ये आपल्या देशाकडून उद्दामपणा आणि मूर्खपणा झाला, असे ते म्हणून गेले. खात्याने आधी भाषांतराला दोष दिला. शेवटी फर्नांडिस यांना माफी मागावी लागली. ऐकणाऱ्याच्याच भाषेत बोलणाऱ्याला दुभाष्यामागे लपता येत नाही.

भारताला अशा माणसांची गरज १९४७ नंतर लगेच भासली. फाळणी झाली होती आणि पाकिस्तान मुस्लिम देशांत आपली बाजू मांडत होता. कोट्यवधी मुसलमान भारतातच राहिले आहेत, हे अरबांना पटेल अशा रीतीने सांगायचे होते. मक्केत जन्मलेल्या मौलाना आझादांच्या पुढाकाराने १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन झाली. ‘सकाफतुल हिंद’ हे अरबी नियतकालिकही त्याच वर्षी सुरू झाले. कैरोतले आपले पहिले राजदूत सय्यद हुसैन हे एकेकाळचे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे पत्रकार. १९४९ मध्ये त्यांचे तिथेच निधन झाले आणि तिथेच दफन झाले. त्यांच्या जागी गेले आसफ अली असगर फैजी.

फैजींचा जन्म १८९९ चा, माथेरानचा. घराणे सुलेमानी बोहरा. शिक्षण मुंबई आणि केंब्रिजला. १९३८ ते १९४७ ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आजही वकिलांच्या हाती असतो. १९४९ ते १९५१ ते इजिप्तमध्ये राजदूत होते.

ते काही प्रवक्ते नव्हते, तरी भारताच्या वतीने त्यांनी अरबी जगाला जे दिले ते कोणत्याही निवेदनापेक्षा टिकाऊ ठरले. दहाव्या शतकातले काझी नुमान हे फातिमी खलिफांचे थोर कायदेपंडित. त्यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ फातिमी राज्याची कायदेसंहिताच होता. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने ते राज्य संपवले. पुढे हा ग्रंथ जपला तो येमेन आणि हिंदुस्थानातल्या इस्माइली घराण्यांनी, हाताने नकला करून. फैजींनी अशा हस्तलिखितांवरून मूळ अरबी पाठ सिद्ध केला आणि १९५१ मध्ये कैरोच्या दारुल मआरिफने पहिला खंड छापला. ज्या शहरात काझी नुमान वारले, तिथे त्यांचा ग्रंथ मुंबईच्या माणसाच्या हातून परत पोहोचला.

मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे. परदेशात दाखवायला एखादे मुस्लिम नाव हवे, म्हणून माणूस निवडता येतो. तसा माणूस जाऊन येतो, फोटो उरतो. फैजींकडे नावाच्या जोडीला इल्म होते. भारतीय मुसलमान अरबी परंपरेचा नुसता अनुयायी नाही, तिचा जतनकर्ताही आहे, ही गोष्ट त्यांना तोंडाने सांगावी लागली नाही. छापलेला ग्रंथ ती सांगत होता.

अरबी समजून शिकणे हे फक्त आलिम होऊ पाहणाऱ्यांचे काम आहे, असे आपण धरून चाललो आहोत. मग पत्रकार, वकील, राजदूत, अनुवादक कुठून येणार? मकतबातल्या मुलाला हरफांबरोबर रोज चार शब्दांचा अर्थ सांगितला, तरी सुरुवात होईल. फैजींनी आपल्या संग्रहातली इस्माइली हस्तलिखिते पुढे मुंबई विद्यापीठाला दिली. ती आपल्याच राज्यात आहेत. ती वाचायला अरबी यावी लागते, एवढेच.