झुरळाचें मूळ गांव

स्वयंपाकघरांतील लहान तपकिरी झुरळाला लिनियस या स्वीडिश पंडितानें १७६७ सालीं 'जर्मन' ठरविलें. परंतु २०२४ सालच्या जनुक-संशोधनानें त्याचें मूळ भारताकडे किंवा ब्रह्मदेशाकडे नेलें आहे. सुमारें २,१०० वर्षांपूर्वीं तें रान सोडून माणसाच्या वस्तींत शिरलें, आणि पुढें व्यापारी व सैनिक यांच्या सामानांतून पश्चिमेस गेलें. जेथें माल जातो तेथें तेंहि जातें. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचली. त्या वाटेवरचें अकोला आणि अमरावतीलगतचें बडनेरा तेव्हांपासून मोठ्या बाजाराशीं जोडलीं गेलीं.

वऱ्हाडच्या कडक उन्हाळ्यांत हा प्राणी ओल शोधीत मोरीकडे धांवतो. नुसत्या पाण्यावर मादी महिन्याहून अधिक तगते. पाण्यावांचून पंधरवड्याच्या आंतच मरते. मोरींतून तीच भाकरीवर चालते, म्हणून अतिसाराचे जंतु अन्नांत येतात. तिच्या विष्ठेची व कातीची धूळ मुलांचा दमा बळावते.

यास्तव रात्रीं मोरी कोरडी ठेवावी, खरकटें झांकावें, फटी बुजवाव्या. बोरिक आम्ल, कणीक व साखर यांच्या गोळ्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा ठेवाव्या. मादी तीस-चाळीस अंडीं पोटाशीं वाहून नेते. तेव्हां एकदां मारून न थांबतां उपाय पुन्हां करावा. दोन हजार वर्षांचा हा सोबती आपणच पोसला आहे, आणि त्याला उपाशी ठेवणेंहि आपल्याच हातीं आहे.