न मोजलेल्या कामाचा हिशेब : टेड हॉपकिन्स आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील छोटा फॉरवर्ड

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या इतिहासलेखनात गोलांच्या संख्येला जे वजन मिळत आले, त्यामुळे या खेळातील एका जागेवर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला. ती जागा ‘स्मॉल फॉरवर्ड’ची, म्हणजे गोलखांबांच्या आसपास वावरणाऱ्या ठेंगण्या, चपळ आघाडीपटूची. उंच आघाडीपटूंच्या हंगामवार गोलांच्या याद्या आदराने जपल्या गेल्या. छोट्या फॉरवर्डचे बहुतेक काम मात्र ज्या सामन्यात झाले, त्या सामन्याबरोबरच विरून गेले. कार्लटन क्लबचे टेड हॉपकिन्स हे अशा खेळाडूंपैकी एक असून त्यांची कथा दोन कारणांनी महत्त्वाची ठरते : १९७० च्या अंतिम सामन्याच्या उत्तरार्धात त्यांनी या जागेचे सामर्थ्य दाखवून दिले, आणि पुढे पाव शतकाने, या जागेवरचे अदृश्य काम ज्या भाषेत मोजता येईल ती भाषा घडवण्यात त्यांनीच पुढाकार घेतला. त्यांचे स्मरण बहुधा पहिल्या गोष्टीपुरतेच केले जाते; परंतु त्यांचे खरे मोल दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही.

या जागेचे स्वरूप समजण्यासाठी खेळाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ज्याचे पहिले नियम मेलबर्न शहरात मे १८५९ मध्ये लिहिले गेले, तो हा खेळ लंबवर्तुळाकार मैदानावर, प्रत्येकी १८ खेळाडूंच्या दोन संघांत आणि चार ‘क्वार्टर’मध्ये खेळला जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार उभे खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू पार केला तर गोल होऊन सहा गुण मिळतात, आणि बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’ होऊन एकच गुण पदरी पडतो. त्यामुळे गुणफलकावर गोल, बिहाइंड आणि एकूण गुण असे तीन आकडे लिहिण्याची रीत आहे, १७.९ (१११) याचा अर्थ १७ गोल, ९ बिहाइंड आणि मिळून १११ गुण. लाथेने लांबून आलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी झेलणे म्हणजे ‘मार्क’, आणि असा झेल घेणाऱ्याला पुढची किक निर्वेधपणे घेण्याचा हक्क मिळतो. चेंडू हाताने फेकण्यास मनाई असल्याने तो एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे धाडावा लागतो; या क्रियेला ‘हँडबॉल’ म्हणतात.

मार्कच्या या हक्कामुळे खेळाची जुनी व्यूहरचना उंचीभोवती उभी राहिली. गोलसमोर ‘फुल फॉरवर्ड’ नावाचा धिप्पाड खेळाडू ठेवायचा, त्याच्या दिशेने लांब किक मारायची आणि त्याने प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून झेप घेऊन चेंडू झेलायचा, हा त्या रचनेचा गाभा होता. १९७० च्या हंगामात हॉथॉर्नच्या पीटर हडसन यांनी १४६ आणि कॉलिंगवूडच्या पीटर मॅकेन्ना यांनी १४३ गोल केले, यावरून या पद्धतीचा त्या काळातील दबदबा ध्यानात येतो. परंतु प्रत्येक झेप झेलात संपत नाही. चार-पाच खेळाडू एकाच चेंडूसाठी उसळतात, हात एकमेकांवर आपटतात आणि चेंडू निसटून खाली पडतो. त्या क्षणी, शेतात कापणीनंतर सरवा वेचणाऱ्याच्या नजरेने जो खेळाडू घोळक्याच्या पायथ्याशी योग्य अंतरावर उभा असतो, तोच छोटा फॉरवर्ड होय. चेंडू कोणत्या बाजूला निसटेल याचा अंदाज बांधून पाऊल आधीच टाकणे, वाकून तो एका हातात घेणे आणि बचावपटू वळायच्या आत खांबांकडे मारणे, एवढ्या दोन-तीन सेकंदांत त्याची सारी विद्या सामावलेली असते.

ही जागा दीर्घकाळ स्वतंत्र मानली जात नव्हती. चेंडूच्या मागे मैदानभर धावणाऱ्या ठेंगण्या खेळाडूला ‘रोव्हर’ म्हणत आणि संघात असे दोन रोव्हर आळीपाळीने ते काम करीत. ज्याची दम खाण्याची पाळी असे, त्याला ‘फॉरवर्ड पॉकेट’मध्ये, म्हणजे गोलखांबांच्या बाजूच्या कोपऱ्यात, उभे केले जाई. म्हणजे छोट्या फॉरवर्डची जागा ही रचनेच्या दृष्टीने विश्रांतीची जागा होती, आणि तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही त्याच दर्जाची राहिली. नोंदींनी या दृष्टीला बळकटी दिली. किक, मार्क आणि हँडबॉल यांची सलग आकडेवारी १९६५ पासूनची उपलब्ध आहे, तर प्रतिस्पर्ध्याला पकडून अडवण्याच्या ‘टॅकल’ची आकडेवारी १९८७ पासूनची, त्यामुळे बचावपटूवर दबाव आणून त्याला चूक करायला लावणे, चेंडू गोलतोंडाशी अडकवून ठेवणे, सहकाऱ्याला गोल करून देणे ही कामे साठ-सत्तरच्या दशकांतील कागदांवर कोठेच उमटत नाहीत.

हॉपकिन्स याच काळात आणि याच जागेवर घडले. व्हिक्टोरिया राज्याच्या लॅट्रोब खोऱ्यातील यालूर्न परिसराशी त्यांचे नाते होते. तपकिरी कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रासाठी राज्याच्या वीज आयोगाने १९२० च्या दशकात उभारलेले आणि पुढे खाणीच्या विस्तारासाठी पाडून टाकलेले हे गाव होते. १९६८ पासून ते कार्लटनकडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे १८९७ पासून खेळल्या जाणाऱ्या आणि १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हे नाव घेतलेल्या स्पर्धेत, खेळू लागले. रॉन बरासी यांच्यासारखे कडक प्रशिक्षक आणि जॉन निकोल्स, ॲलेक्स जेसॉलेंको, सिड जॅक्सन, ब्रेंट क्रॉसवेल असे सहकारी असलेल्या त्या संघात त्यांचे स्थान कधीच पक्के नव्हते.

२६ सप्टेंबर १९७० रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, म्हणजे मराठी वाचकाला कसोटी सामन्यांमुळे परिचित असलेल्या त्याच मैदानावर, कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यात हंगामाचा अंतिम सामना झाला. १,२१,६९६ प्रेक्षकांची त्या दिवशीची उपस्थिती आजही या खेळातील उच्चांक आहे. हॉपकिन्स यांचे नाव पहिल्या अठरांत नव्हते; ते एकोणिसावे खेळाडू होते. तेव्हाच्या नियमांनुसार संघाला दोनच राखीव खेळाडू मिळत आणि ज्याला बाहेर काढले त्याला परत आत येता येत नसे. मुक्त अदलाबदलीची पद्धत १९७८ मध्ये आली. त्यामुळे राखीव खेळाडूचा वापर दुखापत झाली तरच किंवा अगदी हातघाईवर आल्यावरच केला जाई.

मध्यंतराला तशीच वेळ आली. कॉलिंगवूड १०.१३ (७३) आणि कार्लटन ४.५ (२९), असे ४४ गुणांचे अंतर पडले होते. दुसऱ्या क्वार्टरमध्ये जेसॉलेंको यांनी ग्रॅम जेंकिन यांच्या खांद्यांवरून घेतलेला, पुढे या खेळाच्या चित्रस्मृतीत अजरामर झालेला झेलही कार्लटनला सावरू शकला नव्हता. बरासी यांनी उत्तरार्धासाठी दोन निर्णय घेतले : खेळाडूंनी लांब किकच्या सवयीऐवजी हँडबॉलचा धीटपणे वापर करावा, आणि बर्ट थॉर्नली यांच्या जागी हॉपकिन्स यांना फॉरवर्ड पॉकेटमध्ये धाडावे. हे दोन्ही निर्णय परस्परपूरक होते, कारण हँडबॉलने वेगात पुढे येणारा चेंडू बचावपटूंना आपापल्या जागी स्थिरावू देत नाही आणि अशा विस्कळीत बचावासमोर चपळ, ठेंगण्या खेळाडूची किंमत अनेक पटींनी वाढते.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये कार्लटनने आठ गोल केले आणि त्यांचा एकही प्रयत्न बिहाइंडवर गेला नाही. क्वार्टर संपला तेव्हा अंतर ४४ वरून १७ गुणांवर आले होते. शेवटच्या क्वार्टरमध्ये कार्लटनने ५.४, तर कॉलिंगवूडने केवळ १.१ इतकी भर घातली आणि सामना १७.९ (१११) विरुद्ध १४.१७ (१०१) असा दहा गुणांनी कार्लटनकडे गेला. या उत्तरार्धात हॉपकिन्स यांनी चार गोल केले. कॉलिंगवूडच्या पराभवाला इतर कारणेही होती : मॅकेन्ना यांची पूर्वार्धात स्वतःच्याच संघातील डेस टडेनहॅम यांच्याशी टक्कर झाली होती, आणि एकूण ३१ प्रयत्नांपैकी १७ बिहाइंडवर वाया गेले, तर कार्लटनच्या २६ प्रयत्नांपैकी केवळ नऊ. तरीही जिथे प्रत्येक प्रयत्न गोलात उतरणे निर्णायक ठरले, तिथे गोलखांबांच्या निकट राहून नेमके तेच करणाऱ्या खेळाडूचा वाटा गौण मानता येत नाही. सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठीचे नॉर्म स्मिथ पदक १९७९ पासून सुरू झाले असल्याने त्या दिवशी असा अधिकृत सन्मान कोणालाच मिळाला नाही.

पुढच्याच वर्षी, वयाच्या विशीच्या आरंभी, हॉपकिन्स यांनी लीग सोडली. त्यांची कारकीर्द २९ सामन्यांत संपली. येथूनच त्यांच्याबद्दलचा समज एकांगी होऊ लागला. जेसॉलेंको यांचा झेल, बरासी यांचा हँडबॉलचा आदेश आणि हॉपकिन्स यांचे चार गोल अशी त्या सामन्याची तीन स्मृतिचिन्हे ठरून गेली. त्यांत पहिली दोन कर्तृत्वाच्या खाती जमा झाली आणि तिसरे नशिबाच्या. एका दुपारी योगायोगाने चमकून गेलेला राखीव खेळाडू, अशी ती प्रतिमा होती. ही प्रतिमा अपुरी आहे, कारण घोळक्यातून निसटलेला चेंडू बाहेरून पाहणाऱ्याला योगायोगाने मिळालेला वाटतो, परंतु तो अशा वेळी कोठे पडेल हे ओळखणे ही दीर्घ सरावाने येणारी विद्या आहे. एखाद्याला तो चारदा सापडतो तेव्हा त्याला नशीब म्हणणे हे पाहणाऱ्याच्या मोजमापातील उणेपणाचे लक्षण आहे.

हा उणेपणा दूर करण्याचे काम हॉपकिन्स यांनी स्वतः हाती घेतले. मधल्या काळात ते लेखन आणि प्रकाशनाकडे वळले. यालूर्नच्या नष्ट झालेल्या गावाविषयी त्यांनी कथाही लिहिल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ‘चॅम्पियन डेटा’ ही सांख्यिकी संस्था उभी केली, आणि काही वर्षांतच ही संस्था लीगची अधिकृत आकडेवारी पुरवू लागली. तिचे वेगळेपण असे की तिने केवळ किक किती झाल्या हे मोजण्याऐवजी चेंडू कोणत्या परिस्थितीत मिळवला आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद घेतली. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्यक्ष शारीरिक दबावाखाली जमिनीवरचा चेंडू मिळवणे म्हणजे ‘हार्ड बॉल गेट’, असा थेट दबाव नसताना वादातला चेंडू आधी गाठणे म्हणजे ‘लूज बॉल गेट’, आणि किक वा हँडबॉल सहकाऱ्यापर्यंत उपयुक्त रीतीने पोहोचला की नाही यावरून त्याची परिणामकारकता, अशा संज्ञा रूढ झाल्या. २०११ मध्ये ‘द स्टॅट्स रेव्होल्यूशन’ या पुस्तकातून हॉपकिन्स यांनी या विचाराची मांडणी केली.

या संज्ञांचा लाभ कोणाला झाला हे एका जुन्या उदाहरणावरून स्पष्ट होते. १९७९ च्या अंतिम सामन्यात, पुन्हा कॉलिंगवूडविरुद्धच, कार्लटनच्या वेन हार्म्स यांनी स्वतःच मारलेल्या किकच्या मागे धाव घेतली, सीमारेषेपाशी जमिनीवर झोकून देऊन चेंडू मुठीने गोलतोंडाकडे लोटला आणि छोट्या चणीच्या केन शेल्डन यांनी त्यावर गोल केला. कार्लटनने तो सामना पाच गुणांनी जिंकला आणि हार्म्स पहिल्या नॉर्म स्मिथ पदकाचे मानकरी ठरले. परंतु गोलांच्या यादीत तो गोल केवळ शेल्डन यांच्या नावावर आहे. पाठलाग, झोकून देणे आणि चेंडू लोटणे या तिन्ही क्रिया प्रेक्षकांनी पाहिल्या, तरी त्यांना नोंदीत जागा नव्हती. सहकाऱ्याच्या गोलला केलेले साहाय्य आणि आघाडीच्या क्षेत्रात केलेले टॅकल आज स्वतंत्रपणे मोजले जातात, आणि त्यामुळे एकही गोल न करता सामना फिरवणारा छोटा फॉरवर्ड कागदावरही दिसू लागला आहे.

दिसू लागल्यावर त्याची निवडही होऊ लागली. २०१७ मध्ये रिचमंडने जॅक रीवोल्ट या एकाच प्रमुख उंच आघाडीपटूभोवती डॅनियल रिओली, डॅन बटलर, जेसन कास्टान्या असे चपळ, छोटे फॉरवर्ड उभे करून, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रातच कोंडून ठेवण्याच्या बळावर विजेतेपद मिळवले. एके काळी थकलेल्या रोव्हरला विसावा म्हणून दिला जाणारा कोपरा आता व्यूहरचनेचा आरंभबिंदू बनला होता. या परिवर्तनाचे श्रेय एका व्यक्तीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. प्रशिक्षणाच्या पद्धती, मुक्त अदलाबदल आणि खेळाचा वाढलेला वेग हेही त्यामागे होते. मात्र प्रशिक्षकांना जे आधी केवळ जाणवत होते ते आकड्यांत दाखवता आले, यात हॉपकिन्स यांचा वाटा निर्विवाद आहे.

म्हणून हॉपकिन्स यांचे मूल्यमापन २९ सामने आणि एका उत्तरार्धातील चार गोल एवढ्यावर करणे म्हणजे ज्या मोजपट्टीची मर्यादा त्यांनी दाखवून दिली, तिनेच त्यांना मोजण्यासारखे आहे. त्यांच्यामुळे मिळालेल्या दृष्टीने मागे पाहिले तर साठ-सत्तरच्या दशकांतील अनेक छोट्या फॉरवर्डच्या कारकिर्दी पुन्हा तपासाव्या लागतील. त्या सामन्यांची जी चित्रफीत शिल्लक आहे, तीवरून त्यांचे पाठलाग, त्यांनी आणलेला दबाव आणि त्यांनी इतरांना करून दिलेले गोल आजही मोजता येण्याजोगे आहेत. हे काम झाले तर या खेळाच्या इतिहासातील गोल करणाऱ्यांच्या यादीशेजारी गोल घडवणाऱ्यांची यादीही उभी राहील, आणि तिच्यात आज विस्मृतीत गेलेल्या कितीतरी खेळाडूंना त्यांच्या हक्काची जागा मिळेल.