खानदेशचा क्षमाधर्म

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीच्या प्रगतीचा आढावा, विद्यार्थ्यांच्या यशाची नोंद आणि दिवंगतांना श्रद्धांजली हे विषय दरवर्षी येतात, व ते आलेच पाहिजेत. परंतु प्रत्येक ज्ञातिसंस्थेपुढे आणखी एक काम असते, ज्याचा अहवाल कोठेच छापला जात नाही. बांधाच्या वादावरून दुरावलेले दोन भाऊ, लग्नातील मानपानावरून वर्षानुवर्षे एकमेकांच्या दारी न गेलेले व्याही, वडिलांच्या पश्चात हक्कसोडीच्या कागदावरून माहेराला पारखी झालेली बहीण, अशी घरे आपणांस आपापल्या गावी नित्य दिसतात. ही घरे पुन्हा जोडावयाची कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधीत असता मला आपल्याच जळगाव-धुळ्याच्या इतिहासात जे सापडले, ते ज्ञातिबंधू व भगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

क्षमा हा कीर्तनातला विषय मानला जातो, पण आपल्याकडे ती दप्तरात नोंदविण्याचीही बाब होती. जुन्या काळी अपराध्याचा निवाडा गोतसभेत होई. दोष ठरला की मनुष्य पंक्तीबाहेर जाई, त्याच्या घरचे पाणी बंद होई. पुढे त्याने प्रायश्चित्त घेतले, दंड भरला, जातीस जेवण घातले, म्हणजे शुद्धिपत्र मिळून तो पुन्हा पंक्तीस बसे. असे जुने कागद गावोगाव हिंडून गोळा करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आपल्या धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, व पुढील वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या जुन्या व्यवस्थेत एक शहाणपण होते: बाहेर गेलेल्यास परत येण्याची वाट उघडी होती. पण त्या वाटेचा सारा खर्च अपराध्यानेच सोसावयाचा असे. क्षमा करणारे पाटावर बसून जेवत, आणि ज्याला क्षमा मिळे तो कर्ज काढी. शिवाय पुष्कळदा ज्याला अपराधी म्हटले, त्याचा अपराध काहीच नसे.

यापेक्षा निराळी क्षमा खानदेशाने विसाव्या शतकात पाहिली. तिचा आरंभ एका तुरुंगात झाला.

१९३२ च्या जानेवारीत कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि धुळ्याचा तुरुंग सत्याग्रहींनी भरून गेला. त्यांत विनोबा भावे होते, शेठ जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी होते. तुरुंगात दळण हे सक्तमजुरीचे काम. राजकीय कैदी अशा कामास नकार देत, अधिकारी दंडा उगारीत, आणि दोन्ही बाजूंचा द्वेष दिवसेंदिवस वाढे. विनोबांनी निराळा मार्ग धरला. दळणाचे काम सत्याग्रहींनी आपण होऊन अंगावर घ्यावे असे त्यांनी सुचविले, आणि स्वतः जात्याशी बसले. शिक्षा म्हणून दिलेले काम सेवा म्हणून केले, की शिक्षा देणाऱ्याच्या हाती काही उरत नाही, आणि भोगणाऱ्याच्या मनात सूडाला जागा राहत नाही. तुरुंगातले वातावरण यामुळे पालटले.

याच तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केले. पुढे दर रविवारी एक अध्याय, याप्रमाणे १९ जूनपर्यंत अठरा रविवारी अठरा अध्याय पुरे झाले. श्रोते कैदी, वक्ता कैदी, आणि ते शब्द भराभर उतरून घेणारे साने गुरुजीही कैदीच. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ पुढे भारतातील बहुतेक सर्व भाषांत गेला, त्याचे मूळ असे आपल्या धुळ्याच्या भिंतींआड आहे. भक्ताच्या लक्षणांत क्षमाशीलता गणणारा बारावा अध्याय ८ मे रोजी आला. खानदेशातील मे महिन्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना त्या दिवशीची तुरुंगाची कोठडी डोळ्यांपुढे आणण्यास सायास पडू नयेत. अशा ठिकाणी बसून, ज्यांनी आपणांस कोंडले त्यांचाही द्वेष करू नये, हे सांगणे सोपे नव्हते आणि ऐकणे तर त्याहून कठीण होते.

विनोबांच्या या गीताभक्तीचे मूळ त्यांच्या घरातच होते. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजेना, तेव्हा तूच मराठीत करून दे, असे तिने मुलास सांगितले होते. माता रुक्मिणीबाई १९१८ साली वारल्या. मुलाने ‘गीताई’ १९३०-३१ मध्ये रचली. आईचे मागणे पुरे करण्यास बारा वर्षे लागली, पण ते विसरले गेले नाही. विनोबांच्या वाणीत गीता घरच्या भाषेत बोलते, ती यामुळेच.

आता तुरुंगाबाहेर येऊ. जाते ही धुळ्याच्या कैद्यांना शिक्षा होती. तेच जाते आपल्या घरोघरीच्या मातांपुढे पहाटे मांडलेले असे, आणि त्यांना ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावली नव्हती. जळगावच्या बहिणाबाई चौधरी त्यांपैकीच एक. १८८० साली जळगावजवळच्या असोदे गावी त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरी घराण्यात सून म्हणून आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी तीन लेकरे. प्लेगने ओंकार या मुलास कायमचे पंगुत्व आणले. शेतीची कामे आणि घरचे कष्ट चालूच होते. अक्षर त्यांनी कधी गिरविले नाही.

या बाईने नशिबाला, समाजाला, सासर-माहेराला दूषणे दिली असती, तर तिला कोणी नावे ठेविली नसती. पण तिच्या जात्यातून निराळेच पीठ पडले. शेतात काम करता करता आणि घरी दळता दळता, आपल्या बोलीत, तिच्या मुखातून ओव्या बाहेर पडत. हात पाहू येणाऱ्या ज्योतिषाला ती परत पाठविते, कारण कपाळावरचे कुंकू गेले तरी मनगट शाबूत आहे, हे ती जाणते. संसाराचे चटके ती लपवीत नाही, आणि त्यांबद्दल कोणाला शापही देत नाही. दुःखाचे नाव घ्यावे पण दुःखाचा दावा कोणावर लावू नये, हे तिला कोणत्याही पाठशाळेने शिकविले नव्हते.

तिच्या ओव्या पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ पीतांबर यांनी जमेल तशा टिपून ठेविल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या, आणि पुढच्या वर्षी ‘बहिणाबाईंची गाणी’ आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठास याच निरक्षर माउलीचे नाव आहे. धुळ्याच्या तुरुंगात बोलणारा एक व लिहिणारा दुसरा होता. जळगावच्या घरातही तसेच घडले. ज्याने सोसले त्याचे ज्ञान जतन करण्यास कोणीतरी जवळ बसून ऐकणारा लागतो, हे खानदेशाने दोनदा दाखविले आहे. आपल्या घरातील वृद्ध मातांजवळ असा कोण बसतो, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

साने गुरुजींकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण क्षमेची सर्वांत कठीण परीक्षा त्यांनी दिली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य बांधवांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरास उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले व मंदिराची वाट मोकळी झाली. येथे शतकांची चूक समाजाची होती, पण प्रायश्चित्त गुरुजींनी आपल्या पोटास लावून घेतले. जुन्या गोतसभेच्या रीतीची ही उलटापालट होय: तेथे अपराधी जेवण घाली, येथे निरपराध उपाशी राहिला.

पुढच्याच वर्षी, ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींचा खून झाला. मारेकरी ज्या जातीचा, त्या जातीच्या कित्येक निरपराध कुटुंबांची घरे महाराष्ट्रात ठिकठिकाणी जाळली गेली. एकाच्या पापाचा जाब साऱ्या जातीला विचारणे, हाच सूडाचा स्वभाव आहे. ज्ञातिसंस्थेच्या पानांवर हे विशेष आठवले पाहिजे, कारण जात ही जोडण्याची जागा असते तशी ती सूडाचा पत्ताही होऊ शकते. गुरुजींनी त्या फेब्रुवारीत एकवीस दिवसांचे उपोषण केले. ते कोणा एका जातीविरुद्ध नव्हते. साऱ्यांच्या मनातील द्वेष धुऊन निघावा यासाठी ते प्रायश्चित्त होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले.

आणि तरीही, ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट केला. त्या मृत्यूची कारणे कोणी एका वाक्यात सांगू नयेत. परंतु एक गोष्ट मनाला लागून राहते. ज्या माणसाने तुरुंगाधिकाऱ्यांचा द्वेष केला नाही, मंदिराचे दरवाजे अडविणाऱ्यांना शत्रू मानले नाही, त्याचे मन आतून इतके थकले असताना त्याच्याजवळ बसून ते ऐकून घेणारा कोणी वेळेवर पुरा पडला नाही. दुसऱ्यांना क्षमा करणे हा धर्माचा अर्धा भाग झाला. स्वतःच्या उणिवांनाही क्षमा करणे, आणि मन जड झाले असता ते आपल्या माणसांपाशी मोकळे करणे, हा उरलेला अर्धा भाग होय. आपल्या घरांतील गप्प झालेल्या माणसांकडे पाहताना गुरुजींची आठवण आपणांस सावध करो.

धुळ्याच्या जात्याशी बसलेले विनोबा मात्र दीर्घ काळ चालत राहिले. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बिहारातील देवघर येथे हरिजनांसह वैद्यनाथाच्या दर्शनास ते गेले असता पंड्यांनी त्यांना व त्यांच्या सोबत्यांना मारहाण केली. त्यांच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, त्यांनी अज्ञानाने हे केले, अशी भूमिका त्यांनी घेतली. १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात सुमारे वीस दरोडेखोरांनी शस्त्रे आणून त्यांच्यापुढे ठेविली. ज्याने आपला कान गमावूनही हात उगारला नाही, त्याच्यापुढे शस्त्र ठेवावयास भय वाटत नाही.

या साऱ्याचा इत्यर्थ काय? संकटाने मनुष्य आपोआप मोठा होत नाही. संकटाने किती तरी माणसे कडवट होतात, हे आपण पाहतोच. दाणा जात्यात पडला म्हणजे पीठ होतेच, पण जाते कोणीतरी रोज फिरवावे लागते. विनोबांनी दळण अंगावर घेतले, बहिणाबाईंनी दुःख गाण्यात घातले, गुरुजींनी उपवास आपल्या माथी घेतला. तिघांनीही क्षमेचा खर्च समोरच्यावर न टाकता आपण उचलला. जुन्या गोताच्या क्षमेत आणि या क्षमेत हाच भेद आहे.

आज कोणासही वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. पण कायदा बहिष्कार थांबवू शकतो, बोलणे सुरू करून देऊ शकत नाही. ते काम आपले आहे. म्हणून माझी एक नम्र सूचना अशी: या वर्षी संस्थेच्या वार्षिक मेळाव्यास येण्यापूर्वी, ज्या घराशी आपला अबोला आहे त्या घरी, चूक कोणाची याचा हिशेब न करता, वयाने जो वडील असेल त्याने आधी जावे. वडीलकीचा मान घेणे सोपे आहे. तो असा देता आला, तरच तो खरा मान होय.

पुढील स्मरणिकेत या भेटींचा अहवाल छापावयाचा नाही. पण मेळाव्याच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसले, ते वाढणारे पाहतीलच.